स्वयंपाकघराची फरशी : ओलीच्या मुलखात कोणती परवडते?

मुलचेरा, आष्टी, अहेरी या जंगलपट्ट्यात घर बांधणाऱ्याचा पैसा भिंती व छतातच संपतो. फरशीची पाळी शेवटी येते आणि स्वयंपाकघराची तर त्याहून शेवटी. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) 2016 मध्ये स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फुटांचे घर ठरविण्यात आले. डोंगरी, दुर्गम व नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी 1 लाख 30 हजार रुपयांचे साहाय्य ठरले. एवढ्या रकमेत बसवायचे म्हणून गिऱ्हाईक दुकानात येऊन एकच प्रश्न विचारते : "सर्वांत स्वस्त कोणती?" दुकानदार भाव सांगतो, मिस्त्री बसवून देतो. दोन पावसाळ्यांनंतर फरशी उखडली की बोल मिस्त्रीला लागतो. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनी हा हिशेब नीट समजून घेणे हिताचे आहे.

ओल कोठून येते?

फरशीवरची ओल दोन प्रकारची असते. पहिल्या पावसात दमट हवा गार फरशीला लागते आणि हवेतील वाफेचे थेंब बनतात. हा फरशीचा घाम. तो दगडाचा दोष नव्हे. खिडकी उघडून वारा खेळता ठेवला की जातो. दुसरी ओल जमिनीतून वर चढते. धानाच्या बांध्यांलगतच्या घरात ती हमखास आढळते. हीच फरशी सैल करते व सांध्यांतून पांढरा क्षार वर आणते.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर बसवावा व एक दिवस-रात्र ठेवावा. प्लॅस्टिकच्या वर पाणी आले तर ओल हवेतील, खाली आले तर जमिनीतील. खालच्या ओलीवर महागडी टाइल हा इलाज नाही.

इलाज पायात आहे. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट तरी उंच हवे. काळी माती काढून मुरूम भरावा व पाणी मारून धुम्मसाने ठोकावा. त्यावर दगडाचे सोलिंग, जाड प्लॅस्टिकचा कागद आणि तीन ते चार इंच काँक्रीट. मोरीकडे दहा फुटांस सुमारे एक इंच उतार द्यावा. हे काम एकदाच करता येते. फरशी मात्र पुढे कधीही बदलता येते.

कोणता माल कसा?

सिमेंटचा कोबा सर्वांत स्वस्त. घोटाई चांगली झाली आणि निदान सात दिवस पाणी मारले तर तो वर्षानुवर्षे टिकतो. तेल-हळदीचे डाग मात्र शोषतो.

शहाबादी फरशी कर्नाटकातील शहाबाद-वाडी भागातून येते. पृष्ठभाग खडबडीत असल्याने पाय घसरत नाही. हलक्या मालाचे ओलीत पापुद्रे सुटतात, म्हणून जाडी पाहून व ठोकून आवाज ऐकून घ्यावी. राजस्थानची कोटा तिच्यापेक्षा घट्ट. पण बसविल्यावर घिसाई व पॉलिशचा खर्च वेगळा लागतो. काळा कडप्पा ओट्यासाठी व फळ्यांसाठी बरा. हे तिन्ही चुनखडीचेच दगड. लिंबू, चिंच व संडास धुण्याचे ॲसिड त्यांना खाते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

मोरबीच्या टाइल्स घेताना खोक्यावरील पाणीशोषणाचा आकडा वाचावा. भिंतीची टाइल दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषते. ती जमिनीवर कधीही लावू नये. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापर्यंतच शोषते. हा गुण खरा, पण त्यामुळेच साधा सिमेंटचा माल तिला नीट धरत नाही, टाइल पोकळ राहते आणि तवा पडला की फुटते. तिला टाइलचा चिकट मसालाच वापरावा. चकाकीची न घेता मॅट घ्यावी. मस्जिदीच्या वजूखान्यात चकचकीत टाइलवर म्हातारी माणसे कशी जपून पाऊल टाकतात, हे आपण पाहतोच. उकळते भांडे घेऊन चालणाऱ्या बाईची स्थिती त्याहून कठीण.

हिशेब असा मांडावा

स्वयंपाकघर 10 बाय 8, म्हणजे 80 चौरस फूट धरू. पुढील भाव केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. त्यांच्या जागी आपल्या बाजाराचा भाव घालावा.

शहाबादी 30 रुपये फूट : तुटफुटीसह 88 फूट, 2640 रुपये.
कोटा 55 रुपये : 88 फुटांचे 4840, घिसाई-पॉलिश 25 रुपयांप्रमाणे 2000, एकूण 6840 रुपये.
व्हिट्रिफाइड 45 रुपये : 84 फुटांचे 3780, मसाल्याच्या दोन गोण्या 800, एकूण 4580 रुपये.

फुटाच्या भावात कोटा व टाइल यांत दहा रुपयांचे अंतर होते. बसविल्यावर ते 28 रुपयांवर गेले. दोन्ही दगडांखाली एक इंच जाडीचा 1:6 माल लागतो. त्याला 80 फुटांस सुमारे एक गोणी सिमेंट व साडेसात घनफूट रेती, शिवाय वरच्या रबडीला अर्धी गोणी लागते. मजुरी आणि चंद्रपूर-बल्लारशाकडून येणारे भाडे यांत मिळवावे. छोट्या कामाला भाडे जड पडते. दोन-चार घरांचा माल एकाच गाडीत आणला तर बराच पैसा वाचतो. सिमेंटवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला आहे; जुन्या अंदाजपत्रकात ही दुरुस्ती करावी.

सिमेंट स्वस्त मिळाले म्हणून पावसाळ्याआधी साठवू नये. तीन महिन्यांत त्याची सुमारे पाचवा हिस्सा ताकद जाते, दमट गोदामात त्याहून जास्त.

आमचा सल्ला

पैसा कमी असेल तर पाया पक्का करून वर चांगला कोबा घालावा. थोडा अधिक असेल तर जाड शहाबादी, त्याहून अधिक असेल तर मॅट व्हिट्रिफाइड किंवा कोटा. पाया कच्चा ठेवून वर टाइल मात्र कोणी मागितली तरी बसवू नये. मिस्त्री बांधवांनी पाया, माल, मजुरी व पॉलिश असे चार आकडे कागदावर वेगळे लिहून द्यावेत. एखादे काम त्यामुळे हातचे जाईल. पण दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच गल्लीतले पुढचे काम आपल्याकडेच येईल.