विश्लेषण : गुडघा बदलला, टाके पाझरू लागले, आता कुठे जायचे?

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया होते विरार, मीरा रोड किंवा मुंबईत. चार-पाच दिवसांत रुग्ण घरी येतो. टाक्यांतून पाणी यायला सुरुवात होते ती मात्र वैतरणा, सफाळे, पालघर किंवा बोईसरच्या घरात. पुन्हा लोकल पकडून एवढ्या लांब कशाला जायचे, म्हणून जवळच्या दवाखान्यात ड्रेसिंग होते, पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळतात, पाझर थोडा कमी होतो आणि आठवड्याने पुन्हा सुरू होतो. कृत्रिम सांध्याच्या बाबतीत हाच आठवडा सर्वात महाग पडतो. तो का, आणि या पट्ट्यातील रुग्णाने तेव्हा नेमके काय करावे, याविषयी...

हा संसर्ग किती जणांना होतो?

पहिल्यांदा गुडघा बदललेल्या १०० रुग्णांपैकी साधारण एक ते दोघांना. आकडा लहान आहे, पण शस्त्रक्रियांची संख्या आता लहान राहिलेली नाही. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आले, तेव्हा या शस्त्रक्रियेचे नाव घरोघरी पोहोचले. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आणली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरली. मध्यमवर्गाला न परवडणारी गोष्ट आवाक्यात येऊ लागली.

मधुमेह आटोक्यात नसणे, स्थूलपणा, धूम्रपान आणि संधिवातासाठी घेतलेली प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे यांनी धोका वाढतो. शस्त्रक्रियेच्या आधीच्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर तेही सर्जनला सांगायला हवे. भातशेतीच्या भागात आणखी एक साधी गोष्ट सुटून जाते. लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ती फुटलेली कातडी म्हणजे जंतूंना उघडे दार. चिखल्या पूर्ण बऱ्या होईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलण्यात काहीच गैर नाही.

संसर्ग पहिल्या महिन्यातच होतो असेही नाही. लघवीचा संसर्ग, किडलेला दात किंवा पायावरची जखम यांतून जंतू रक्तात उतरतात आणि चार-पाच वर्षे उत्तम चाललेला गुडघाही अचानक सुजतो.

गोळ्यांनी तो बरा का होत नाही?

पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरते. वरून कितीही पाणी ओतले तरी ते सुटत नाही, खरवडावेच लागते. कृत्रिम सांध्यावर जंतू असेच बसतात. धातू आणि प्लास्टिक यांत रक्त फिरत नाही, त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी तिथे पोहोचू शकत नाहीत. जंतू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्याखाली जवळपास झोपून राहतात. याला बायोफिल्म म्हणतात. रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या जंतूला जेवढे औषध पुरते, त्याच्या शेकडो पट जास्त औषधही या आवरणाखालच्या जंतूला पुरेसे होत नाही.

गोळ्या घेतल्यावर ताप उतरतो, लाली कमी होते, घरच्यांना हायसे वाटते. मेलेले असतात ते आवरणाबाहेरचे जंतू. गोळ्या थांबल्या की आतले पुन्हा बाहेर पडतात. आवरण दिवसागणिक पक्के होत जाते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत सांधा न काढता जे काम होऊ शकते, तेच तीन महिन्यांनी सांधा काढल्याशिवाय होत नाही.

साधी सूज आणि संसर्ग यांत फरक कसा ओळखायचा?

शस्त्रक्रियेनंतर गुडघा काही आठवडे सुजलेला आणि गरम राहतोच. त्याला घाबरू नये. बघायचे ते एवढेच की त्रास उतरणीला लागला आहे की चढणीला. कमी झालेली वेदना पुन्हा वाढणे, झोपेतून उठवणारे दुखणे, जेमतेम वाकू लागलेला गुडघा पुन्हा आखडणे, ताप, टाक्यांभोवती पसरत जाणारी लाली ही लक्षणे मोजावीत. पाच ते सात दिवस उलटूनही जखम पाझरत असेल तर तो ड्रेसिंगचा विषय उरत नाही, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा होतो. आणि जखमेजवळ छोटे भोक पडून त्यातून सतत पू येत असेल, ते भोक सांध्यापर्यंत पोहोचत असेल, तर जगभरातील तज्ज्ञांच्या निकषांनुसार तेवढा एक पुरावाच पुरेसा आहे. मधुमेही आणि वयस्क रुग्णांना ताप येईलच असे नाही, हे घरच्यांनी विसरू नये.

आधी औषध की आधी तपासणी?

सर्वाधिक नुकसान इथेच होते. अँटिबायोटिक सुरू केल्यावर जंतू मरत नाहीत, पण प्रयोगशाळेत वाढतही नाहीत. पंचनामा व्हायच्या आधी घटनास्थळ धुऊन काढावे तसा हा प्रकार. पुढे तज्ज्ञाकडे गेल्यावर अहवाल येतो, ‘जंतूंची वाढ आढळली नाही’, आणि सहा आठवड्यांचे औषध अंदाजाने निवडावे लागते. तब्येत स्थिर असलेल्या रुग्णाची चालू अँटिबायोटिक्स म्हणूनच तज्ज्ञ अनेकदा सुमारे दोन आठवडे थांबवतात आणि मगच नमुना घेतात. अर्थात हा निर्णय त्यांचा. रुग्णाने स्वतः गोळ्या बंद करू नयेत.

खरी तपासणी म्हणजे सांध्यातले पाणी सुईने काढणे. ते स्वच्छ ठिकाणी, शक्यतो ऑपरेशन थिएटरमध्ये, अस्थिरोगतज्ज्ञानेच काढायचे. त्यातील पांढऱ्या पेशी मोजतात आणि कल्चर लावतात. काही जंतू इतके सावकाश वाढतात की कल्चर १४ दिवस ठेवावे लागते. जखमेवरून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना फारसा कामाचा नाही, त्यात कातडीवरचेच जंतू येतात. रक्तातील सीआरपी आणि ईएसआर उपयोगी आहेत, पण शस्त्रक्रियेनंतर ते तसेही वाढलेले असतात. एका आकड्यापेक्षा तो वर चालला आहे की खाली, हे महत्त्वाचे.

मग उपचार काय?

लवकर पोहोचलेल्या रुग्णाचा गुडघा पुन्हा उघडून आतून धुतात, खराब झालेला भाग काढतात, दोन धातूंमधील प्लास्टिकची चकती बदलतात आणि सांधा तसाच ठेवतात. प्रत्येक वेळी यश येते असे नाही, पण सांधा वाचण्याची संधी मिळते ती इथेच.

उशीर झाला असेल तर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत दोन टप्प्यांची. पहिल्या शस्त्रक्रियेत सांधा काढून त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या हाडाच्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात. साधारण सहा आठवडे औषध चालते. संसर्ग गेल्याची खात्री पटली की दुसऱ्या शस्त्रक्रियेत नवा सांधा. काही निवडक रुग्णांत दोन्ही कामे एकाच वेळी केली जातात. ज्यांना एवढे झेपणार नाही त्यांना दीर्घकाळ गोळ्यांवर ठेवून संसर्ग दाबून ठेवतात. फारच बिघडले तर हाडे जोडून गुडघा कायमचा सरळ करतात. पाय कापण्याची वेळ क्वचित येते, पण येते.

लांब राहणाऱ्या रुग्णांना दिलासा देणारा एक अभ्यास आहे. ब्रिटनमधील २६ केंद्रांत १,०५४ रुग्णांवर झालेल्या ‘ओव्हिवा’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. हाडा-सांध्यांच्या संसर्गात सहा आठवडे शिरेतून औषध देणे आणि पहिल्या आठवड्यातच योग्य गोळ्यांवर येणे, यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. भारतात औषधांना दाद न देणारे जंतू जास्त आहेत, त्यामुळे हा नियम सरसकट लावता येणार नाही. पण कल्चरमध्ये जंतू सापडला आणि त्यावर चालणारी गोळी असली, तर सहा आठवडे मुंबईत खोली घेऊन राहण्याची गरज टळू शकते का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

तज्ज्ञ कोणाला म्हणायचे?

गुडघे बदलणारा प्रत्येक सर्जन संसर्ग झालेला सांधा नेहमी हाताळतोच असे नाही. ‘पुन्हा बसवण्याच्या’ शस्त्रक्रिया वर्षाला किती करता, संसर्गरोगतज्ज्ञ सोबत आहेत का, कातडी कमी पडली तर प्लास्टिक सर्जन आहे का, हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही. सुरुवात मात्र शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनपासूनच करावी. त्याच दिवशी फोन, जखमेचा फोटो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष भेट. फोटोवर ‘गोळ्या घ्या’ असे उत्तर आले आणि पाझर थांबला नाही, तर दुसरे मत घ्यायला हरकत नाही.

अंतर ही खरी अडचण आहे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, पण विरारपुढे गाड्या मोजक्याच. वैतरणा खाडीतील वाढीव-वैतीपाड्याचे ग्रामस्थ तर वर्षानुवर्षे रेल्वे पुलावरून चालत स्थानक गाठत आले आहेत. ज्याचा गुडघा नुकताच उघडला आहे, त्याच्यासाठी तो रस्ताच नव्हे. म्हणून प्रत्येक खेप मोलाची. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, आधीचे-नंतरचे एक्स-रे, सर्व अहवाल, घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचे नाव व तारखा आणि सांध्याचे स्टिकर पहिल्याच खेपेला सोबत हवे. स्टिकरवर कंपनी, आकार आणि बॅच क्रमांक असतो. तो नसेल तर नव्या सर्जनला नेमका कोणता सांधा आत आहे हे कळत नाही आणि बदलण्याची चकती मागवता येत नाही. मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

खर्चाचे काय?

दोन टप्प्यांचा उपचार पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी महाग पडतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पहिली शस्त्रक्रिया झाली म्हणजे दुसरीही आपोआप बसेल असे धरू नये; दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून खातरजमा करावी. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तेथील समाजसेवा अधीक्षकाला भेटावे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील ज्या कामगारांचा राज्य विमा कापला जातो, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही त्याचा लाभ मिळतो. मुंबईत केईएम, शीव, नायर आणि जेजे रुग्णालयांचे अस्थिरोग विभाग आहेत. रांग लांब असते, पण बिल कमी असते.

रात्रीच तब्येत बिघडली तर?

थंडी वाजून ताप, बडबड किंवा गुंगी, धाप, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे ही संसर्ग रक्तात पसरल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी मुंबईच्या खाटेची वाट पाहायची नाही आणि कल्चरसाठी औषधही अडवून ठेवायचे नाही. १०८ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताचा नमुना घेऊन लगेच सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू होते, रक्तदाब स्थिर झाला की पुढे हलवता येते. रुग्णवाहिकेत फाइल ठेवायला विसरू नये. स्टिकर त्याच फाइलमध्ये असते.