फ्यूजमध्ये जाड तार म्हणजे आगीला आमंत्रण

रमजानचा हंगाम आला की शिलाई, जरीकाम, बॅगा आणि चप्पल-बुटांच्या कारखान्यांत रात्रीचा दिवस होतो. ईदपूर्वी माल द्यायचा म्हणून दोन मशीन वाढतात, एक-दोन इस्त्र्या जास्तीच्या लागतात. वायरिंग मात्र दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे तेच असते. मग एका रात्री फ्यूज उडतो. काम खोळंबू नये म्हणून एखादा कारागीर किटकॅटमध्ये एकाऐवजी तीन पदरी तार पिळून घालतो. दिवे लागतात, मशीन फिरू लागते आणि सर्वांना वाटते की बिघाड दूर झाला. प्रत्यक्षात धोक्याची सुरुवात तिथूनच होते.

८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागात बॅगा वगैरे बनविणाऱ्या कारखान्यांच्या इमारतीला आग लागली आणि ४३ कामगार प्राणास मुकले. बहुतेक जण तेथेच झोपलेले होते आणि बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, तर धुराने घेतला. प्राथमिक तपासात शॉर्टसर्किट हे कारण सांगण्यात आले. खाली मशीन, माळ्यावर झोपलेले कारागीर, जिन्यात मालाचे गठ्ठे आणि बाहेर अरुंद गल्ली, हे चित्र आपल्यापैकी किती जणांना अनोळखी आहे?

फ्यूज कोणाच्या रक्षणासाठी?

फ्यूज मशीनला वाचवतो, असा अनेकांचा समज आहे. खरे तर तो भिंतीतल्या तारेला वाचवतो. तारेतून वीजप्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. पाइपातून नेलेली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार साधारणपणे १३ ते १५ अँपिअर प्रवाह सोसते. १००० वॅटची एक इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. चार इस्त्र्या एकाच लाइनवर लावल्या की १७ अँपिअर झाले, मशीन आणि पंखे वेगळेच. नेहमीच्या तारेवरचे पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी बनविलेले असते. त्यापुढे ते हळूहळू कडक होते, तडकते आणि एक दिवस दोन तारा एकमेकींना भिडतात. फ्यूजमध्ये तीन पदर घातलेले असतील तर तो वितळतच नाही. मग वितळते ती भिंतीतली तार.

एमसीबी काय करतो?

किटकॅटच्या जागी आता एमसीबी मिळतो. त्यात दोन पहारेकरी असतात. एक दुहेरी धातूची पट्टी. भार थोडा जास्त झाला तर ती तापून वाकते आणि काही वेळाने बटण पाडते. दुसरी तारेची गुंडाळी. शॉर्टसर्किटचा मोठा प्रवाह येताच ती चुंबक बनून क्षणात संपर्क तोडते. तुटताना पडणारी ठिणगी आतल्या पत्र्यांच्या जाळीत तुकडे-तुकडे होऊन विझते. त्यामुळे प्रवाह पूर्ण जोर धरण्याआधीच आवरला जातो.

मोठ्या कारखान्यांत मेनला एचआरसी फ्यूज असतो. त्यातल्या धातूच्या पट्टीभोवती बारीक वाळू भरलेली असते. ट्रान्सफॉर्मर जवळ असेल तर शॉर्टसर्किटचा प्रवाह हजारो अँपिअरवर जाऊ शकतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची अर्धी लाट १० मिलिसेकंदांची असते. ही लाट शिखरावर पोहोचण्याआधीच पट्टी वितळते आणि वाळू ठिणगी गिळून टाकते. तारेपर्यंत पूर्ण तडाखा पोहोचतच नाही.

एक नेहमीची चूक

मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. त्यामुळे एमसीबी पडला की दुकानदाराकडून '१६ऐवजी ३२चा' आणला जातो. ही तीन पदरी तारेचीच नवी आवृत्ती झाली. एमसीबीवर बी, सी किंवा डी असे अक्षर असते. बी प्रकार तीन ते पाच पट प्रवाहाला लगेच पडतो, सी पाच ते दहा पट आणि डी दहा ते वीस पट प्रवाहाला. मोटरसाठी अक्षर बदलावे, अँपिअरचा आकडा वाढवू नये. आकडा नेहमी तारेच्या क्षमतेपेक्षा कमीच हवा. आकडा वाढवायचाच असेल तर आधी तार जाड घालावी.

एमसीबीला न दिसणारा धोका

ओलसर भिंतीतून किंवा खराब आवरणातून थोडी वीज जमिनीकडे गळत असेल, तर ती एमसीबीला कळत नाही. २३० व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर गळती म्हणजे सुमारे ६९ वॅट. एवढी उष्णता एका ठिकाणी साठली तर कापडाचा भुसा धुमसू शकतो. गळती ओळखण्यासाठी आरसीसीबी लागतो. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आणि आगीपासून बचावासाठी मेनला ३०० मिलिअँपिअरचा बसवितात. आरसीसीबी जादा भार रोखत नाही, म्हणून दोन्ही हवेत. अर्थिंगही ठीक हवे. आरसीसीबीवरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही, ते पाहावे.

ढिल्या जोडाची उष्णता मात्र या दोघांनाही कळत नाही. प्लग काळा पडला असेल, स्विच गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मेन बंद करून आधी तो जोड दुरुस्त करून घ्यावा.

आज काय करावे?

परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून एकदा संपूर्ण भार मोजून घ्या. इस्त्र्यांची लाइन वेगळी करा. मंजूर भार कमी पडत असेल तर वीज कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्या. डीबीसमोर आणि जिन्यात माल ठेवू नका. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर कारण सापडेपर्यंत तो वर करू नका.

साधा एमसीबी काही शे रुपयांना मिळतो. एका रात्रीची ऑर्डर उशिरा गेली तर गिऱ्हाइकाची समजूत घालता येते. माळ्यावर झोपलेला पोरगा ज्यांनी भरवशाने आपल्याकडे पाठविला, त्या आई-बापांची समजूत कशी घालणार?