जिचा सूड घ्यायचा, तिच्याच भूमिकेत खेळायला लावणारा गेम: 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'वर एवढा वाद का झाला?

एका मुलीला शोधून मारायचं म्हणून तुम्ही दहा-बारा तास गेम खेळलात. वाटेत तिची माणसं एकेक करून संपवलीत. अखेर ती समोर येते, तुमच्या माणसांवर बंदूक रोखते. आता हिशोब होणार असं वाटतं आणि नेमक्या त्याच क्षणी गेम तुम्हाला चार वर्षं मागे नेतो. कंट्रोलर अजून तुमच्याच हातात आहे, पण आता तुम्ही जिला चालवताय ती तुमची हिरॉईन नाही. ती तीच मुलगी आहे, जिला मारायला तुम्ही निघाला होतात.

१९ जून २०२० रोजी आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' या ॲक्शन गेमचं हे वळण. यामुळे काहींनी त्याला डोक्यावर घेतलं, तर काहींनी रागाने डिस्क बाजूला ठेवली. हे प्रकरण काय होतं, ते समजून घेऊ.

(सूचना: पुढे स्पॉयलर आहेत. शेवट मात्र सांगितलेला नाही.)

आधी पहिल्या भागाची गोष्ट

पहिला भाग २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला. कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांच्या मेंदूचा ताबा घेते आणि जग कोलमडतं, अशी त्याची कल्पना. ही बुरशी खरोखर अस्तित्वात आहे, फक्त ती मुंग्यांसारख्या कीटकांना धरते.

स्वतःची मुलगी गमावलेला जोएल हा अमेरिकेत राहणारा तस्कर. त्याच्यावर एली या १४ वर्षांच्या मुलीला सुखरूप पोहोचवायची जबाबदारी येते. एलीला या बुरशीची बाधा होत नाही, त्यामुळे तिच्यापासून लस बनेल अशी आशा असते. पण त्या ऑपरेशनमध्ये एलीचा जीव जाणार, हे कळल्यावर जोएल हॉस्पिटलमध्ये घुसतो, आडवं येईल त्याला मारतो आणि तिला घेऊन निघतो. नंतर तिच्याशी खोटंही बोलतो.

त्या हल्ल्यात ऑपरेशन करणारा सर्जनही मारला जातो. त्याचं नाव काय, त्याच्या मागे कोण आहे, हे पहिला भाग विचारत नाही. दुसरा भाग तिथूनच सुरू होतो.

दुसऱ्या भागात काय होतं?

एली आता १९ वर्षांची आहे. गेमच्या सुरुवातीच्या काही तासांतच ॲबी नावाची तरुणी तिच्या डोळ्यांदेखत जोएलला मारते. एली सूड घ्यायला सिएटल शहरात जाते. तिथले तीन दिवस आपण एली म्हणून खेळतो.

मग ते वळण येतं आणि तेच तीन दिवस आपण ॲबी म्हणून खेळतो. तेव्हा कळतं की तो सर्जन ॲबीचा बाप होता. म्हणजे एलीला जे हवंय, तेच ॲबीलाही हवं होतं. फरक इतकाच, की ॲबीने ते आधीच करून टाकलंय आणि तरी तिला शांतता मिळालेली नाही.

सिनेमात किंवा पुस्तकात हे करता येत नाही का?

करता येतं. एकच गोष्ट वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून सांगणं मराठी वाचकांना नवीन नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाची कथा कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही सांगतात. पण वाचकाला तिथे कुणाच्या वतीने बाण सोडावा लागत नाही. गेममध्ये बटण दाबल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही आणि हा गेम त्याचाच पुरेपूर वापर करतो.

एका प्रसंगात एली माहिती काढण्यासाठी एका जखमी मुलीला मारते. स्क्रीनवर बटणाचं चिन्ह येतं आणि सगळं थांबतं. तुम्ही दाबल्याशिवाय फटका बसत नाही. कितीही वेळ थांबलात, तरी दुसरा पर्याय येत नाही.

लढाईतही हेच. ॲक्शन गेममध्ये शत्रू म्हणजे सहसा बिननावाची गर्दी. इथे एकाला मारलं की त्याचा साथीदार त्याला नावाने हाक मारत शोधतो. शत्रूंच्या ॲलिस नावाच्या कुत्रीला एली मारते. नंतर ॲबीच्या बाजूने खेळताना तीच ॲलिस तुमच्यासोबत फिरते. तिचं काय होणार, हे तोवर तुम्हाला माहीत असतं.

खेळायची पद्धतही बदलते. एली चपळ आहे, तिच्या हातात चाकू आहे. ॲबीने सूडासाठी शरीर कमावलंय, ती मुठींनी लढते. तिला उंचीची भीती वाटते, त्यामुळे उंचावरून खाली बघितलं की दृश्यही भोवंडल्यासारखं होतं. थोडक्यात, गेम 'ॲबीला माफ करा' असं तोंडाने म्हणत नाही. काही तास तिच्या अंगात राहायला लावतो.

मग एवढा राग कशाचा?

एप्रिल २०२० मध्ये, गेम येण्याआधीच त्याचे व्हिडिओ लीक झाले. संदर्भाशिवाय फुटलेल्या गोष्टीवर सोशल मीडिया पेटलं. गेम आल्यावर मेटाक्रिटिक या वेबसाइटवर समीक्षकांचा स्कोअर १०० पैकी ९३ होता, तर युजर्सचा सुरुवातीला १० पैकी ४ च्याही खाली. साधारण २५ तासांच्या गेमला पहिल्या काही तासांतच हजारो जणांनी मार्क देऊन टाकले होते. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम बदलला आणि नव्या गेमवर युजर्सना पहिले ३६ तास रिव्ह्यू देणं बंद केलं.

काही तक्रारी मात्र रास्त होत्या. एका ट्रेलरमध्ये सिएटलमध्ये एलीच्या मदतीला जोएल आलेला दाखवला होता. गेममध्ये त्या जागी दुसरंच पात्र आहे. आपल्याला फसवलं, असं अनेकांना वाटलं. शिवाय पर्याय न देता हिंसा करायला लावायची आणि वर खेळणाऱ्यालाच अपराधी वाटवायचं, हे कितपत बरोबर, हा प्रश्नही उरतोच.

पण राग तिथे थांबला नाही. ॲबीची भूमिका करणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. सूडाचं चक्र दाखवणाऱ्या गेमवर असा सूड उगवला गेला. याच भूमिकेसाठी बेली यांना त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पुरस्कार मिळाला. गेमला 'गेम ऑफ द इयर'सह एकूण सात पुरस्कार मिळाले. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या ४० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या.

ही कल्पना आली कुठून?

दिग्दर्शक नील ड्रकमन यांचं बालपण वेस्ट बँकमध्ये गेलं. २००० साली रामल्लात जमावाने इस्रायली सैनिकांना ठार मारल्याचा व्हिडिओ पाहून आपल्याला सूड घ्यावासा वाटला होता आणि नंतर त्या भावनेचीच किळस आली, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलंय. आधी तीच भूक खेळणाऱ्याला लागावी आणि मग तिची लाज वाटावी, अशी गेमची रचना आहे.

मालिका पाहिली असेल तर?

एचबीओच्या मालिकेचा दुसरा सीझन २०२५ मध्ये आला, भारतात तो जिओहॉटस्टारवर दिसला. त्यात ॲबी कोण आणि तिला जोएल का हवाय, हे त्याच्या मृत्यूआधीच सांगून टाकलंय. गेम हे कारण अर्ध्या वाटेपर्यंत दडवून ठेवतो. त्यामुळे मालिकेत तुम्ही ॲबीला समजून घेत बघता, गेममध्ये आधी तिचा मनापासून द्वेष करता.

खेळायचा असेल तर...

गेम प्लेस्टेशन ४, प्लेस्टेशन ५ आणि एप्रिल २०२५ पासून पीसीवरही आहे. हिंसा खूप असल्याने तो फक्त प्रौढांसाठी आहे. त्यात दृष्टी, श्रवण आणि हालचालींच्या अडचणी असणाऱ्यांसाठी ६० हून अधिक सोयी आहेत. आवाजाच्या इशाऱ्यांवर दृष्टिहीन खेळाडूंनीही तो पूर्ण केलाय.

आणि ॲबीचा भाग सुरू झाल्यावर राग आला, तरी लगेच बंद करू नका. तो राग घेऊनच तिचे तीन दिवस खेळा. ते संपल्यावर एली आणि ॲबी पुन्हा समोरासमोर येतात. तेव्हा कंट्रोलर ॲबीच्या बाजूने असतो आणि समोर असते एली.