विश्वास बसतो, खात्री पटते, जामीन राहावे लागते

शब्दकोशात विश्वास पाहिला तर भरवसा मिळतो, भरवसा पाहिला तर खात्री, आणि खात्री पाहावी तर पुन्हा विश्वास. बोलताना मात्र यांची सरसकट अदलाबदल होत नाही. फरक कळतो तो सोबतच्या क्रियापदावरून. विश्वास बसतो आणि उडतो, पाखरासारखा. भरवसा ठेवावा लागतो, आणि मग भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो. खात्री पटते, करून घेता येते, दुसऱ्याला देताही येते. श्रद्धा मात्र कोणी कोणाला ‘देत’ नाही.

व्युत्पत्ती पाहिली तर आणखी गंमत आहे. विश्वास आणि आश्वासन हे दोन्ही शब्द ‘श्वस्’ या धातूचे, म्हणजे श्वासाचे सख्खे. निर्धास्तपणे श्वास घेता येणे हा विश्वास. धास्तावलेल्याला श्वास घेऊ देणे हे आश्वासन. खात्रीचे घराणे वेगळे. ती अरबी-फारसी ‘खातिर’मधून, म्हणजे मनातून आली. ‘खातरजमा’ म्हणजे विखुरलेले मन जमा होणे. जुन्या पत्रव्यवहारात हा शब्द निश्चिंतीसाठी येतो. आज वर्तमानपत्रात तो वाचला की कोणीतरी कागदपत्रे तपासत असल्याचे चित्र उभे राहते. मनाची अवस्था होती, तिची कार्यवाही झाली.

या शब्दांची परीक्षा घ्यायची तर आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याइतकी (तोंडी अजून ‘नगर’च येते) सोयीची जागा नाही. शिर्डीच्या ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ या जोडीत एक शब्द संस्कृत, दुसरा अरबी ‘सब्र’चा. श्रद्धा म्हणजे ‘श्रत्’ अधिक ‘धा’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिच्यावर स्वतंत्र सूक्त आहे. लॅटिनमधले ‘क्रेडो’ हे तिचे नात्यातले रूप, आणि त्याच लॅटिन धातूपासून ‘क्रेडिट’ आले. म्हणजे शिर्डीच्या भिंतीवरची श्रद्धा आणि कोपऱ्यावरच्या क्रेडिट सोसायटीची पाटी या भाषाशास्त्राच्या दृष्टीने चुलत बहिणी ठरतात.

शनिशिंगणापूरला घरांना दारे नसतात. २०११ साली युको बँकेने तिथे उघडलेली शाखाही कुलपाविना म्हणून गाजली. याला लोक ‘शेजाऱ्यांवरचा विश्वास’ म्हणतात. मला हा शब्द चुकीचा वाटतो. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडणार नाही, ही तिथली धारणा. भरवसा आहे तो देवाच्या शिक्षेवर, चोराच्या सज्जनपणावर नव्हे. शेजाऱ्याची परीक्षा तिथे होतच नाही.

‘पत’ हा शब्द तर उलट्या दिशेने चालतो. विश्वास ठेवणाऱ्याचा, पण पत ज्याच्यावर ठेवला त्याची. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्यांनी विकत घेतलेल्या भागांवर. एकेकट्याची पत जिथे पुरत नव्हती, तिथे सगळ्यांची मिळून एक पत तयार झाली. पतपेढी आणि पतसंस्था या शब्दांत ही गोष्ट अजून शाबूत आहे.

मला या सगळ्या शब्दांकडे एकच प्रश्न घेऊन पाहावेसे वाटते: मोडले तर नुकसान कोणाचे? ‘विश्वास ठेवा’ म्हणणारा काहीच गहाण टाकत नाही, जोखीम ऐकणाऱ्याची. ‘खात्री देतो’ म्हणणारा निदान आपला शब्द टाकतो. हमी देणाऱ्याला भरून द्यावे लागते. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम दिले नाही तर भत्ता देणे सरकारवर आले. नावात ‘आश्वासन’ असते तर खडी फोडायला गेलेल्या माणसाला काय मागता आले असते? हमीच्याही पुढे जामीन. तिथे क्रियापदच बदलते: जामीन देतात तसे ‘राहतात’ही. माणूस स्वतःच तारण होतो. कोणाला जामीन राहू नये, असे घरोघरी बजावले जाते ते उगाच नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. ठेवीदारांच्या हाती तेव्हा उरली ती ठेवविम्याची हमी, ५ लाख रुपयांपर्यंतची. त्यावरची रक्कम विश्वासाच्या खात्यात. अशा वेळी माणसे नामे सोडून देतात आणि खात्रीची मापे क्रियापदांच्या प्रत्ययांत मोजू लागतात. ‘पैसे मिळतील’ म्हणणारा अंदाज करतो, ‘मिळणार’ म्हणणारा ठाम असतो किंवा तसे दाखवतो. ‘मिळतीलच’ मधला ‘च’ बहुतेकदा शंका दाबायला लावलेला असतो, आणि शंका जितकी मोठी तितका तो जोरात उच्चारला जातो. ‘मिळायला हवेत’ यात हक्क आहे, ‘मिळावेत’ यात नुसती इच्छा. आणि ज्याच्या हाती काहीच नसते, तो हमखास म्हणतो, ‘मिळालेच म्हणून समजा.’