रासायनिक बंध
रेणूतील किंवा स्फटिकातील अणूंना एकत्र धरून ठेवणाऱ्या प्रबळ आकर्षणास ‘रासायनिक बंध’ असे म्हणतात. संरचना-सूत्रात हा बंध दोन अणूंच्या चिन्हांमधील रेषेने दाखवितात. परंतु ही रेषा केवळ संकेत होय. अणूंना जोडणारी कडी वा दोरी अशी कोणतीही वस्तू तेथे नसते. अणू परस्परांपासून दूर असताना त्यांची जी एकूण ऊर्जा असते तिच्यापेक्षा ते जवळ आल्यावरची ऊर्जा कमी असेल, तर ते एकत्र राहतात, एवढाच बंधाचा मूळ अर्थ आहे. उदा., हायड्रोजनाच्या सुट्या अणूंपासून एक ग्रॅमरेणू (सु. २ ग्रॅ.) हायड्रोजन वायू तयार होताना सु. ४३६ किलोजूल ऊर्जा बाहेर पडते आणि ते अणू पुन्हा सुटे करावयाचे झाल्यास तेवढीच ऊर्जा पुरवावी लागते. इंधनाच्या बंधांत ऊर्जा साठविलेली असते व बंध तुटल्यावर ती मोकळी होते, हा समज रूढ असला तरी चुकीचा आहे. मिथेन जळताना मिथेन व ऑक्सिजन यांतील बंध तोडण्यास ऊर्जा खर्चच होते. कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांतील नवे बंध निर्माण होताना मिळणारी ऊर्जा त्या खर्चाहून अधिक असते, म्हणून ज्वाला उष्णता देते.

अणू विद्युत् आकर्षणाने जोडले जातात, ही कल्पना बर्झीलियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मांडली होती. तिच्यानुसार एक अणू धन व दुसरा ऋण असावयास हवा. मिठासारख्या संयुगांना ती लागू पडली. मात्र हायड्रोजनाच्या रेणूतील दोन्ही अणू अगदी सारखे असताना ते का जोडले जावेत, याचे उत्तर तिच्यात नव्हते. १८५२ मध्ये फ्रँकलंड यांनी संयुजेची कल्पना मांडली व १८५८ मध्ये केकूले यांनी कार्बन चतुःसंयुजी असल्याचे प्रतिपादन केले. त्यामुळे सूत्रे लिहिता येऊ लागली, पण बंध कशाचा झालेला असतो हा प्रश्न १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनाचा शोध लागेपर्यंत तसाच राहिला.

१९१६ मध्ये या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली. कॉसेल यांच्या मते एका अणूचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातो व निर्माण झालेले विरुद्ध भारांचे आयन परस्परांना आकर्षितात (आयनी बंध). ल्यूइस यांच्या मते दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक असते. या बंधास लँगम्यूर यांनी १९१९ मध्ये ‘सहसंयुजी’ हे नाव दिले. आयनी बंधाचे स्पष्टीकरण देताना, बाह्य कवचातील आठ इलेक्ट्रॉन पूर्ण करण्याकडे अणूंचा ‘कल’ असतो, असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. सोडियमाच्या एक ग्रॅमअणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास सु. ४९६ किलोजूल लागतात, तर क्लोरिनाने ते स्वीकारल्यावर सु. ३४९ किलोजूलच परत मिळतात. म्हणजे केवळ देवघेवीत तोटाच होतो. हा तोटा भरून निघतो तो आयन स्फटिकात रचले जाताना बाहेर पडणाऱ्या सु. ७८७ किलोजूल ऊर्जेमुळे. मीठ ८०१° से. पर्यंत वितळत नाही, याचे कारणही हेच प्रबळ आकर्षण होय.

ल्यूइस यांची जोडी अधिक गूढ होती, कारण दोन इलेक्ट्रॉन परस्परांना दूर लोटतात. अभिजात भौतिकीत यास उत्तर नव्हते. ते १९२७ मध्ये हाइटलर व लंडन यांनी पुंजयामिकीच्या साहाय्याने दिले. दोन इलेक्ट्रॉनांची परिवलने विरुद्ध असतील, तर दोघेही दोन्ही अणुकेंद्रांच्या परिसरात वावरू शकतात व ऊर्जा घटते. परिवलने सारखी असल्यास अणू परस्परांना दूर सारतात. जोडी पूर्ण झालेली असल्याने तिसरा हायड्रोजन अणू या रेणूस तसाच बंध करून चिकटत नाही. इलेक्ट्रॉन दोन अणुकेंद्रांच्या मधोमध राहून दोहोंस ओढतो, हे प्रचलित चित्र सोपे आहे, परंतु अर्धेच. हेलमान यांनी १९३३ मध्ये व रूडेनबर्ग यांनी १९६२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, इलेक्ट्रॉनास एकाऐवजी दोन अणूंभोवती पसरण्यास जागा मिळाल्याने प्रथम त्याची गतिज ऊर्जा घटते, हे बंधनिर्मितीतील महत्त्वाचे कारण आहे. अणू फार जवळ आले की प्रतिसारण वाढते. हायड्रोजनाच्या बाबतीत ०·७४ आँगस्ट्रॉम अंतरावर समतोल साधतो. तेथेही अणू स्थिर नसतात, निरपेक्ष शून्य तापमानासही त्यांची कंपने चालूच असतात.

हाइटलर व लंडन यांच्या गणिताने बंधाच्या खऱ्या ऊर्जेचा सु. दोन-तृतीयांश भागच मिळाला. पुढे जेम्स व कूलिज यांनी १९३३ मध्ये हा फरक जवळजवळ नाहीसा केला. १९६८ मध्ये कोवोस व व्होल्न्येविच यांचे उत्तर प्रयोगातील मूल्यापेक्षा सु. दहा हजारांत एक भाग जास्त आले. वापरलेल्या पद्धतीत उत्तर कमी येऊ शकते, जास्त नव्हे. म्हणून सिद्धांतात काही चूक असावी, अशी शंका आली. वर्णपटविज्ञ हर्ट्‌झबर्ग यांनी १९७० मध्ये आपलेच मापन पुन्हा केले, तेव्हा सिद्धांत बरोबर ठरला.

बहुतेक बंध आयनी व सहसंयुजी या दोन टोकांच्या मध्ये मोडतात. धातूंत इलेक्ट्रॉन सर्व आयनांस सामाईक असतात. सहसंयुजी बंधांच्या बळात मोठी तफावत आढळते : फ्ल्युओरिनाचा बंध सु. १५९ किलोजूलांचा, तर नायट्रोजनाचा त्रिबंध सु. ९४५ किलोजूलांचा असतो. यामुळेच हवेत विपुल असलेला नायट्रोजन खतासाठी वापरावयाचा तर उच्च तापमान, मोठा दाब व उत्प्रेरक यांची योजना करावी लागते. रेणूरेणूंमधील हायड्रोजन बंध यांहून कितीतरी दुर्बल, पण पाणी १००° से. ला व त्याच्या जातकुळीतील हायड्रोजन सल्फाइड सु. −६०° से. ला उकळते, हा फरक मुख्यत्वे त्यामुळेच पडतो.