उसाच्या फडातली भीती, तीनदा

दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी एकच भीती तीनदा पडद्यावर आणली: मराठी ‘लपाछपी’ (२०१७), त्याचाच हिंदी अवतार ‘छोरी’ (२०२१) आणि पुढचा भाग ‘छोरी २’ (२०२५).

तिन्हींत सरस ‘लपाछपी’च! कर्जबाजारी नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या घरात आलेली गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि तिची काळजी घेणारी तुळसाबाई. उषा नाईक यांच्या मायाळू बोलण्यानेच अंगावर काटा येतो. भर उन्हात घाबरवणारा असा मराठी भयपट विरळाच. मुलगी नको म्हणून जीव घेणारी माणसं इथे भुताहून भयंकर आहेत.

‘छोरी’त तुळसाबाईच्या जागी आलेल्या मीता वसिष्ठ तोडीस तोड, पण कथा तीच.

‘छोरी २’मध्ये भुयारं आली, सोहा अली खानची दासी माँ आली, पसारा वाढला, धाक ओसरला. नुसरत भरुचाची साक्षी, म्हणजे हिंदीतली नेहा, लेकीसाठी झुंजते, तेवढे प्रसंग मात्र पकड घेतात.