शादीचे कार्यालय: आधी तारीख आणि पाणी बघा

जत तालुक्यात व्यापारी किंवा कारागीर घरात शादी ठरली, की दुकानाच्या भांडवलाला हात लागतोच. दागिन्यांवर महिनाभर चर्चा होते. कार्यालयाचा सौदा मात्र कोणीतरी मामू जाऊन पाच मिनिटांत करून येतात. घाऊक बाजारात डझनामागे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा दुकानदार इथे सांगितलेली रक्कम मुकाट्याने मोजतो.

याचे कारण तारखेत आहे. शाळांना सुट्टी म्हणून आपल्याकडेही मे महिनाच धरतात. हिंदू कुटुंबांचे मुहूर्तही त्याच दिवसांत, म्हणजे एका कार्यालयाला चार गिऱ्हाइके. वास्तविक निकाहला मुहूर्ताची अट नाही. आषाढी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास, त्यातला पितृपक्ष आणि सुमारे पावणेतीन वर्षांनी येणारा अधिक महिना, या काळात मुहूर्त अगदी थोडे असतात. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन सुट्टीतला. (मेअखेरीस बकरी ईद, तेवढे दिवस सोडावेत.) रिकाम्या दिवसाचे मालकाला काहीच मिळत नाही, मग भाव करण्यात लाज कसली? रमजान, आणि ज्यांच्या घरी पाळतात त्यांनी मोहरम वगळावा. चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून दोन्ही कॅलेंडरे समोर घेऊनच बसावे.

पावसाळ्याला फार भिऊ नये. जत हा अवर्षणाचा पट्टा. जून-जुलैत सरी तुरळक, जोर सप्टेंबरात. त्या महिन्यात तेवढा उघड्यावर मांडव घालू नये.

खरी परीक्षा पाण्याची. पाण्यासाठी इथल्या सीमेवरच्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तो विषय काढला आणि केवढे राजकारण पेटले, हे वाचकांना आठवत असेल. पाचशे माणसांचे जेवण, देगा धुणे, हात धुणे, वजू, सगळे पाण्यावर. टाकी किती लिटरची, उन्हाळ्यात बोअर चालते का, टँकर आणावा लागला तर पैसे कोणाचे, हे विसार देण्यापूर्वी विचारावे.

तसेच मांसाहारी स्वयंपाक चालतो का, हेही. अनेक मंगल कार्यालयांत चालत नाही, आणि पत्रिका वाटून झाल्यावर कळले तर बिर्याणीची देग दुसरीकडे चढवून टेंपोने आणावी लागते. म्हणून जागा बघायला जाताना बावर्चीला सोबत न्यावे. आपण खुर्च्या नि रोषणाई बघतो. तो चुलीची जागा, वारा आणि खरकटे कुठे जाणार ते बघतो.

सांगितलेल्या भाड्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा, हे पावतीवर लिहून घ्यावे. मालकाची जीएसटी नोंदणीच नसेल तर तो कर मागू शकत नाही. वीज, जनरेटर, भांडी, सफाई यांचेही तसेच. लाउडस्पीकर रात्री १० नंतर कायद्याने बंद, तेव्हा रात्रीच्या कार्यक्रमासाठी जादा तास विकत घेऊ नयेत.

निकाह मशिदीत लावून जेवण तेवढे कार्यालयात ठेवले, तर अर्ध्या दिवसाचे भाडे मागता येते. तो दर मालक बहुधा स्वतःहून सांगत नाहीत.